ते अकरा अर्ज कसे सोडू?

पत्र थोडक्यात असं :

"वय 25. पदवी होऊन तीन वर्षं झाली. दीड वर्षापासून एका दवाखान्यात अपॉइंटमेंट आणि नोंदी सांभाळते. जन्मभर हे करायचं नाही एवढं कळतं, पण काय करायचं ते कळत नाही. कल पाहणाऱ्या तीन चाचण्या दिल्या, तिन्हींची उत्तरं वेगळी आली. 'मी कोण आहे' म्हणून एक वही सुरू केली, ती अर्धी भरली, तरी काही उलगडलं नाही. आत्मविश्वास पहिल्यापासून कमी. स्वतःहून काही करायची प्रेरणाच नाही. ताई म्हणते, घाई करू नकोस, आतून आवाज येईल तेव्हा ठरव. (तसे अकरा अर्ज अर्धवट भरून ठेवलेत, सगळे 'तुम्हाला हे काम का करायचं आहे?' या रकान्यापाशी अडकलेत, पण ते सोडा.) त्यात दवाखान्यात नव्या आलेल्या तिघींना शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, त्यामुळे वेळ उरत नाही. स्वतःला ओळखायची सुरुवात कुठून करू? – गोंधळलेली"

गोंधळलेली,

ते कसं सोडू? एवढ्या लांबलचक पत्रात तेवढं एक वाक्य तू कंसात टाकलंस, आणि मला धरायला तेवढंच सापडलं.

प्रेरणा नाही म्हणतेस. अगं, कुणी न सांगता अकरा वेळा तू जाहिरात शोधलीस, वाचलीस, नाव, शिक्षण, अनुभव सगळं भरलंस. ज्याला प्रेरणा नसते तो दुसरा अर्ज उघडतही नाही. तुझी प्रेरणा दर वेळी त्याच एका रकान्यापाशी येऊन आटते. हे दुखणं वेगळं आहे आणि पुष्कळ लहान आहे.

आधी ती वही बंद कर. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये सविस्तर मांडलेली एक गोष्ट तुला लागू पडते. आतली खूण जिथे पुसट असते, तिथे माणूस स्वतःलाही परक्यासारखाच ओळखतो, म्हणजे स्वतःचं वागणं पाहून. तू वहीत तुझी मतं लिहितेस, आणि मतं मूडप्रमाणे बदलतात. वागणं मात्र त्या अकरा अर्जांत तारीखवार साठलंय.

चाचण्यांचंही तसंच. मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना 'हे तुझं व्यक्तिमत्त्व' म्हणून प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर ठेवला होता, तोही राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला. मुलांनी त्याच्या अचूकपणाला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. 1949 मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि आजही लोक तशाच वर्णनात स्वतःला शोधतात. कल मापणाऱ्या सगळ्याच चाचण्या इतक्या पोकळ नसतात. नीट बनवलेली चाचणी तुझी आवड कुठल्या प्रकारच्या कामाकडे झुकते एवढं सांगू शकते. पण ते काम तुला जमेल का, हे ती सांगत नाही. चौथी चाचणी देऊ नकोस.

त्यापेक्षा एक कोरा कागद घे, आडवा धर. अकरा ओळी, चार रकाने. पहिल्यात पद. दुसऱ्यात जाहिरातीतल्या 'जबाबदाऱ्या' या भागातली पहिली तीन क्रियापदं. तिसऱ्यात तो अर्ज तुला कुठून सापडला. चौथ्यात त्याच्याकडे किती वेळा परत गेलीस; नेमका आकडा आठवला नाही तर पहिल्यांदा कधी उघडलास आणि शेवटचा हात कधी लावलास, त्या दोन तारखा.

इथे लोक हमखास चुकतात ते पदाच्या नावावर जाऊन. 'समन्वयक' या शब्दावरून काहीच कळत नाही. एका ठिकाणी समन्वयक दिवसभर फोनवर असतो, दुसऱ्या ठिकाणी तक्ते भरतो, तिसऱ्या ठिकाणी वर्ग घेतो. म्हणून क्रियापदं हवीत : शिकवणे, तपासणे, विकणे, जुळवणे, दुरुस्त करणे, लिहिणे. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी कामांचे सहा गट पाडलेत : हात-अवजारांची कामं, शोधण्या-तपासण्याची, नवनिर्मितीची, माणसांना शिकवण्याची-मदतीची, पटवण्याची आणि पुढारपणाची, नोंदी-व्यवस्थेची. तुझी तेहेतीस क्रियापदं या सहांत वाट. तिसऱ्या रकान्यात 'ताईने पाठवला' किंवा 'पगार चांगला होता' एवढंच कारण असेल, तर त्या ओळीवर आधीच काट मार. ती तुझी निवड नव्हती. उरलेल्यांत एखादा गट भरभरून दिसला तर तो तुझा कल; त्यातल्या ज्या अर्जाकडे जास्त वेळा परत गेलीस, तो बाजूला काढ. सगळे विखुरले असतील तर चौथा रकाना बघ. ज्या अर्जाकडे तू सर्वांत जास्त वेळा परत गेलीस, तो बाजूला काढ. तासाभराचं काम आहे.

आता आत्मविश्वास. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये 'हे मला जमेल' हा भरवसा कुठून येतो त्याचे चार उगम सांगितले. स्वतः पार पाडलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना पाहणं, कुणी दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची-मनाची अवस्था. यांत सर्वांत पक्का पहिला. म्हणजे भरवसा कामाच्या मागून येतो. तू तो आधी मागतेस, आणि तो येत नाही म्हणून अर्ज मिटतेस. प्रत्येक मिटलेला अर्ज मनात 'नाही जमलं' असा जमा होतो. कुणी नाकारलं नसताना अकरा नकार तू स्वतःच स्वतःला दिलेस. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

तुझी ताई प्रेमाने सांगत असेल, पण तिचं ऐकू नकोस. आतून आवाज येण्याची वाट पाहण्यात तीन वर्षं गेली.

आता तो रकाना. 'तुम्हाला हे काम का करायचं आहे?' हे वाचलं की तुला वाटतं, आयुष्याचा हिशेब मागतायत. अर्ज वाचणाऱ्याला तेवढं नको असतं. त्याला दोनच गोष्टी बघायच्या असतात : हिने जाहिरात नीट वाचलीय का, आणि यासारखं काही आधी केलंय का. चार वाक्यं पुरतात, शंभराच्या आसपास शब्द. पहिल्यात जाहिरातीतलं एक नेमकं काम. दुसऱ्यात तू केलेलं त्याच्या जवळचं काम, आकड्यासकट. तिसऱ्यात तिथे काय अडलं आणि तू काय बदललंस. चौथ्यात या जागी पहिल्या तीन महिन्यांत तुला काय शिकायला लागेल. चौथं वाक्य लोक घाबरून गाळतात. ते ठेव, कारण आपल्याला काय येत नाही हे सांगू शकणाऱ्या माणसाच्या बाकीच्या दाव्यांवर विश्वास बसतो.

अशा रकान्यात सर्रास हे लिहिलं जातं : "मी मेहनती व शिस्तप्रिय असून मला नवीन गोष्टी शिकण्याची आवड आहे." हे वाक्य उचलून अकराही अर्जांत टाकता येतं, म्हणून ते एकातही कामाचं नाही. आता हे बघ : "दीड वर्ष दवाखान्याच्या नोंदी सांभाळताना नव्या आलेल्या तिघींना मी हे काम शिकवलं. सुरुवातीला त्या अमुक ठिकाणी चुकत. म्हणून मी शिकवण्याचा क्रम अमुक असा बदलला." दोन्ही 'अमुक' तुला भरायचेत, मला ते माहीत नाहीत. पण बाकीचं तुझ्याच पत्रातलं आहे. 'गळ्यात पडलं' म्हणून तू ते तक्रारीत ढकललंस. एकच काम तीनदा एकाच माणसाकडे येतं, तेव्हा सोपवणाऱ्याला त्या माणसात काहीतरी दिसलेलं असतं. मी तुझ्या जागी असते तर कंसातल्या अर्जांनंतर लगेच हे वाक्य अधोरेखित केलं असतं.

'अमुक' सुचला नाही तर तिघींपैकी एकीला विचार. "मी कशी आहे?" असं विचारू नकोस, ती "छान" म्हणेल आणि तुझ्या हाती काही लागणार नाही. विचार, "मी शिकवताना कुठली गोष्ट सांगितल्यावर तुला काम नीट कळलं?" ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घे.

माझं सांगणं एवढंच : बाजूला काढलेला तो एक अर्ज या गुरुवारी पाठवायचा. मुदत उलटली असेल तर त्याच गटातली चालू जाहिरात बुधवारपर्यंत शोधून ठेव. आणि 'गुरुवारी बघते' असं म्हणू नकोस. पीटर गॉलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासातून दिसतं की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं वेळ-जागेसकट आधीच ठरवलेलं काम नुसत्या इराद्यापेक्षा जास्त वेळा पार पडतं. तेव्हा कागदावर लिही : "गुरुवारी संध्याकाळी सात वाजले की मी टेबलाशी बसून तो अर्ज उघडीन. 'अजून तयारी हवी' असं मनात आलं की चालू वाक्याला पूर्णविराम देऊन पुढचं वाक्य लिहीन." दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे, कारण अकरा वेळा तू नेमकी तिथेच उठलीस.

फोन दुसऱ्या खोलीत. तीस मिनिटांत ती चार वाक्यं, कच्ची का होईनात. दहा मिनिटं उठून फिर. मग एकदा मोठ्याने वाच. जीभ अडखळेल तिथे वाक्य तोड. शेवटी तीनच गोष्टी तपास. जुन्या अर्जातलं दुसऱ्या संस्थेचं नाव राहून गेलं नाही ना, फाइल जोडली का, आणि फाइलच्या नावात तुझं नाव आहे की 'फायनल नवीन 3' असं काही. साडेआठच्या आत पाठव. एकदा वाचून घ्यावं म्हणून कुणाला धाडू नकोस, तसं केलंस तर बारावा अर्धवट अर्ज तयार होईल.

नकार आला, किंवा दोन आठवडे काहीच आलं नाही, तर त्या कागदावर पाचवा रकाना आखून तारीख टाक आणि तीच चार वाक्यं घेऊन पुढच्या अर्जाला बस. दुसरं आणि तिसरं वाक्य बहुतेक तसंच वापरता येईल, पहिलं आणि चौथं नव्याने लिहावं लागेल.

ताईला सांगायचंच असेल तर पाठवून झाल्यावर सांग.