शेजारणीचा सल्ला घ्या, बाटली घेऊ नका

वेचणीच्या वावरात, आठवडी बाजारात, अंगणवाडीच्या ओट्यावर बायका एकमेकींना लेकरांचे इलाज सांगतात. तेच पुढे प्रश्न होऊन माझ्या टेबलावर येतात, आणि दर हंगामात तेच ते येतात. म्हणून या खेपेला एक ते तीन वर्षांच्या लेकरांबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : दोन-तीनदा टक्कल केलं की केस दाट येतात, असं नणंद म्हणते. करावं का? (दारव्हा)

केस मुळातून ठरतात, वस्तऱ्यावरून नाही. हौस असेल तर करा, पातं तेवढं नवीन घ्यायला लावा.

प्रश्न : काजळाने डोळे मोठे होतात का? (पुसद)

होत नाहीत. विकतच्या काजळात शिसं सापडलेलं आहे. दृष्ट काढायची तर मीठ-मोहरीने काढा, त्याने डोळे येत नाहीत.

प्रश्न : मुलगी 13 महिन्यांची, चार दिवस पातळ संडास. सासूबाई म्हणतात दात येताहेत, आपोआप थांबेल. दुकानातून ओआरएस म्हणून संत्र्याच्या चवीचा डबा आणला. (आर्वी)

दात येताना लाळ गळते, हिरड्या शिवशिवतात, लेकरू दिसेल ते चावतं. चार दिवसांची हागवण दातांची नसते. खाली पडलेलं उचलून तोंडात घालण्याची असते. तो डबा सरबताचा आहे. अशा पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली, तरी घाईत हात त्याच फळीकडे जातो. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि संडास वाढते. ओआरएसची पुडीच घ्या, मोठी पुडी एक लिटर पाण्यात. आशाताईंकडे फुकट मिळते. सोबत झिंक 14 दिवस, संडास थांबली तरी. अंगावरचं दूध तोडू नका. आणि चार दिवस झाले असताना पत्राच्या उत्तराची वाट कसली पाहता? आजच दाखवा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, रक्त पडलं किंवा ती पेंगू लागली तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न : जाऊबाईंच्या चार वर्षांच्या मुलाला खोकल्याचं सिरप एका रात्रीत लागू पडलं. अर्धी बाटली उरली आहे. माझ्या दीड वर्षाच्या मुलाला अर्धा चमचा देऊ का? तापाचं औषधही त्यांच्याकडचंच आहे. (वणी)

नाही. दोन्ही नाही.

हाच प्रश्न गाव आणि जाऊ बदलून येत राहतो, आणि दरवेळी मला घाम फुटतो. ‘एका रात्रीत लागू पडलं’ म्हणजे काय झालं? बहुतेक वेळा त्या सिरपमध्ये गुंगी आणणारं औषध असतं. खोकला आपल्या वेळेनेच जातो, पोर तेवढं झोपून राहतं. सर्दीच्या अशाच एका नेहमीच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखाली देऊ नये’ असं छापण्याचा आदेश 2023 मध्ये निघाला. उरलेल्या बाटलीचं खोकं चुलीत गेलेलं असतं, तो इशारा वाचणार कोण?

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या शेजारच्या, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपने लेकरांचं काय झालं ते इतक्यात विसरलात? सुरुवात साध्या सर्दी-तापाने झाली, मग लघवी बंद पडली. त्यातली काही लेकरं उपचारासाठी नागपूरला आणावी लागली होती. सिरपमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड मारणारं विष निघालं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य विभागाने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली खोकल्याची औषधं नकोत, पाच वर्षांखालीही सहसा नकोत.

आता तापाचं. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सहसा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये 5 मिलीत 125 किंवा 250. थेंबांची बाटली सिरप समजून 5 मिली पाजली तर 500 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे मोठ्या माणसाची अख्खी गोळी. दहा किलोच्या लेकराला एका वेळी 100 ते 150 पुरतं. जास्तीचं औषध यकृत पोखरतं आणि पहिल्या दिवशी पोर अंगणात खेळत असतं, म्हणून कुणाला पत्ताही लागत नाही. माप वजनावर ठरतं, जाऊबाईंच्या आठवणीवर नाही. स्वयंपाकघरातला चमचा तर मापच नव्हे.

मुलगा वर्षाच्या वर आहे, तेव्हा झोपताना अर्धा चमचा मध चालेल. वर्षाच्या आत मात्र मध मुळीच नको. नाक चोंदलं तर सलाइनचे थेंब. शांत असताना श्वास मिनिटाला 40 किंवा जास्त भरला किंवा बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : दोन वर्षांचा मुलगा दिवसाला लिटरभर दूध पितो, भाकर खात नाही. मैत्रीण दुधात ताकदीची पावडर घालायला सांगते. (समुद्रपूर)

दुधानेच पोट भरल्यावर भाकर जाईल कुठे? दिवसाला दोन कप दूध पुरे, तेही पेल्याने. दुधात लोह नसल्यासारखंच, म्हणून अशी लेकरं गोरी नाही, फिकट होतात. डब्याच्या पैशात अंडी येतात. वरणात तेल घाला, शेंगदाण्याचा बारीक कूट द्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे मात्र नकोत, ते श्वासनलिकेत अडकतात. आशाताई लोहाचं सिरप देतात, 1 मिली आठवड्यातून दोनदा. पण त्याआधी रक्त तपासून घ्या, आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठीसुद्धा. त्यात हातापायाचे पंजे सुजतात; तसं होऊन लेकरू रडत असेल तर मालिश करत बसू नका, दाखवून घ्या.

प्रश्न : अडीच वर्षांचा मुलगा ‘आई’ एवढंच बोलतो. बायका म्हणतात मुलगे उशिराच बोलतात, पोपटाचा उष्टा पेरू द्या. (कुरखेडा)

पेरू धुऊन तुम्हीच खा. दोन वर्षांचं लेकरू ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडतं. तुम्ही सहा महिने आधीच घालवलेत. पहिल्यांदा कान तपासा, मोबाइल काढून घ्या, आणि अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकाला गाठून जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. याच आठवड्यात.

प्रश्न : शेजारणीची दीड वर्षाची मुलगी शू सांगते, माझी दोन वर्षांची सांगत नाही. रागावून सवय लावू का? (चिमूर)

नको. अजून वर्षभर दम धरा. लघवी करताना रडत असेल तर मात्र दाखवून घ्या.