डब्यात चिठ्ठी नको

शेजाऱ्यापाजाऱ्यांत ख्रिस्ताची साक्ष कशी द्यावी, याविषयी बरीच पत्रं आली आहेत. त्यातल्या पाचांना इथं उत्तरं देतो.

शेजारच्या वहिनींचे यजमान पंधरा दिवस दवाखान्यात होते. मी रोज डबा पोचवला. आता महिला मंडळातल्या एक ताई म्हणतात, “मन मऊ झालंय, डब्याबरोबर सुवार्तेची पत्रिका दे.” देऊ का?
— एक भगिनी, श्रीरामपूर

नको. डबा नुसता डबाच राहू द्या. घरचं माणूस खाटेवर असताना कुणालाही ‘नको’ म्हणणं जड जातं. तुमच्या पोळीभाजीचा संकोच वहिनींना आधीच असणार. त्यात पत्रिका ठेवलीत की ती बिलासारखी दिसेल. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहूदी ज्यांना परकं मानून दूर ठेवत त्यांच्यातला. ‘बाकीचे नऊ कुठं आहेत?’ असं प्रभूने विचारलं खरं, पण त्या नवांचा रोग काही परत आला नाही.

ताईंचा हेतू चांगला असेल. तरी ‘मन मऊ झालंय’ हे मला खटकतं. तापलेल्या लोखंडावर घाव घालायची ती भाषा आहे.

त्यापेक्षा वहिनींकडे काहीतरी मागा. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी प्रभूचं बोलणं ‘मला प्यायला पाणी दे’ इथून सुरू होतं. मागणारा तो, देणारी ती. कुणाच्या हातचं पाणी चालतं यावरून आपल्या गावांत काय काय झालं, ते तुम्हाला मी सांगायला नको. यजमान घरी आले की विरजण मागा, लोणच्याचं प्रमाण विचारा, तासभर नातवाला त्यांच्याकडे ठेवा. पुढे कधी त्यांनीच विचारलं, “एवढं का केलंत हो?” तर आडपडदा न ठेवता सांगा. पेत्राच्या पहिल्या पत्रात विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं लिहिलंय, आणि तेही सौम्यतेने. यातला ‘विचारणाऱ्याला’ हा शब्द आपण बहुतेक जण गाळून वाचतो.

ऑफिसातला एक जण हसत हसत विचारतो, “तुमच्यात यायचे किती पैसे देतात रे?” मी गप्प बसतो.
— एक तरुण, पिंपरी

गप्प बसू नका, भांडूही नका. “हे कुठं ऐकलंस?” असं विचारा आणि तो सांगेल ते खरोखर ऐका. त्यात थोडं खरंही निघेल. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांत मिशनच्या आसऱ्याला आलेल्यांत पोटासाठी आलेलेही होते. ते नाकारू नका. पण त्याच काळात पंडिता रमाबाईंनी केडगावला आणलेल्या शेकडो मुली-बायकांना कुणी विकत घेतलं, असं म्हणायला जीभ उचलत नाही. शिवाय ज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं जात नव्हतं, त्यांच्या निर्णयाला ‘पैशासाठी’ म्हणणं हा त्यांचा दुसऱ्यांदा अपमान आहे. हे त्याला शांतपणे सांगा.

कवी ना. वा. टिळकांचीही गोष्ट सांगा. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाशी त्यांच्या गप्पा झाल्या, त्या संस्कृत काव्यावर. मग त्या गृहस्थाने नवा करार हातात ठेवला. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरीही सोडली. पण गोष्ट अर्ध्यावर थांबवू नका. त्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा संसार मोडला होता, आणि आपल्या आठवणींत त्यांनी ते दुःख लपवलेलं नाही. त्या पुढं स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण १९०० मध्ये, स्वतःच्या वाटेने. घरं दुखावतात हे आपणच कबूल केलं तर समोरचा पुढचं ऐकतो.

त्याने कायदा काढलाच तर एवढं माहीत असू द्या: घटनेचं कलम २५ धर्माचा प्रचार करण्याचा हक्क देतं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं. पुष्कळ पाळकांना हा निकाल बोचतो. मला बोचत नाही. सांगणं माझ्याकडे, ठरवणं त्याच्याकडे.

मैत्रिणीचा तरुण मुलगा अपघातात गेला. ती ख्रिस्ती नाही. तिला कोणतं वचन सांगू?
— एक भगिनी, वसई

कोणतंही नको. बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते. तोंड उघडलं तिथं त्यांचं बिघडलं.

माझंही असंच बिघडलं होतं. नवा पाळक असताना एका खेड्यात, नुकताच नवरा गेलेल्या बाईला मी म्हणालो, “देवाची इच्छा, ताई.” तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत निघून गेली. पुढं बरीच वर्षं मी त्या मंडळीत होतो. ती नीट बोलायची, चहा करायची, पण नवऱ्याचं नाव तिने माझ्यासमोर कधी काढलं नाही.

तेरावं झालं की माणसं यायची थांबतात. तुम्ही तेव्हा जा. मुलाचं नाव घेऊन बोला. घरातले बाकीचे ते टाळत असतील. ती देवावर चिडली तर देवाची बाजू घेऊ नका.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज सकाळी वचन टाकतो. कुणी काहीच म्हणत नाही.
— एक वाचक, ठाणे

काहीच म्हणत नाहीत, कारण ग्रुप म्यूट केलाय. त्यापेक्षा पाण्याचा टँकर कधी येणार ते टाका.

मी हिंदू आहे. दर नाताळला ख्रिस्ती मित्राकडे जातो. जेवणाआधी तो माझं नाव घेऊन, माझं मन बदलावं म्हणून प्रार्थना करतो. अवघडल्यासारखं होतं. त्याला सांगू का?
— एक वाचक, नाशिक

जरूर सांगा, पण ताटावर नको; दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना. “तुझ्या घरची प्रार्थना तू कर, मी शांत बसेन. माझ्यासाठी काही मागायचं असेल तर आधी मला विचार.” एवढं पुरे. ख्रिस्ती वाचकांनी हे पत्र दोनदा वाचावं: हा माणूस दर वर्षी करंज्या खाऊन हसत घरी जातो, आणि यजमानाला वाटतं, सगळं छान चाललंय.

आणि दिवाळीत तुम्ही त्याला लक्ष्मीपूजनाला बोलावता ना? तो आरतीला हात जोडतो, की दाराशी उभा राहून मोबाइल बघतो? तेही एकदा त्याला विचारा.