पगार 40 टक्के वाढला, पण उरणार किती?

प्रश्न: ताई, मला एका मोठ्या शहरातून जॉबची ऑफर आलीये, पगार आत्तापेक्षा 40 टक्के जास्त. घरचे म्हणतात डोळे झाकून हो म्हण, मित्र म्हणतात सगळं भाड्यातच जाईल. नेटवरच्या इंडेक्समध्ये ते शहर 25 टक्केच महाग दाखवतंय, मग फायदाच ना? एज्युकेशन लोन चालू आहे, घरीही पैसे पाठवतो.

उत्तर: अरे, खरी गोची त्या इंडेक्समध्येच आहे. शहरांच्या महागाईची तुलना करणाऱ्या नंबिओसारख्या साइटवर न्यूयॉर्क 100 धरून बाकी शहरांचे आकडे काढतात, पण त्यांच्या मुख्य इंडेक्समध्ये घरभाडं धरलेलंच नसतं, ते वेगळं दाखवतात. त्यात ती सरासरी माणसाच्या खर्चाची टोपली, तुझी नाही. कमाई कमी तितका खाण्यावरचा वाटा मोठा हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्येच दाखवलंय, मग सगळ्यांना एकच आकडा कसा लागू पडेल?

त्यापेक्षा गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढ आणि पेन घेऊन बस. समजा आज हातात 100 येतात. भाडं 20, लोनचा हप्ता 15, घरी 10, बाकी खर्च 40, उरले 15. नवीन पगार 140, पण टॅक्स वाढून हातात 135 आले असं धर. भाडं दुप्पट म्हणजे 40, बाकी खर्च 48. हप्ता मात्र 15च आणि घरचे 10च, कारण शहर महाग झालं म्हणून लोन महाग होत नाही, आणि ही गोष्ट तुझे मित्र विसरतायत. उरले 22. म्हणजे हातात 35 वाढले पण शिल्लक वाढली फक्त 7. वाईट नाहीये, पण घरचे समजतात तेवढं मोठंही नाही.

आता यातूनच तुझी लक्ष्मणरेषा काढ. भाडं 47 झालं की ते 7 गेले, तू आहेस तिथेच. आणि बघ हं, 40 वालं घर बहुतेक ऑफिसपासून लांबच असणार. रोज दीड तास जास्त प्रवास म्हटलं तर महिन्याच्या 22 दिवसांत 33 तास झाले. त्या 7 साठी एवढे तास द्यायचे का हे मी नाही सांगू शकत, पण मी स्वतः असं लांबचं घर घेतलं होतं आणि वर्षभर आठवड्यातले पाच दिवस नुसती झोपायला घरी जायचे, त्यामुळे माझं मत तुला कळलंच असेल.

तर हो म्हणायच्या आधी ऑफिसच्या जवळपासच्या तीन-चार घरांचं भाडं फोन करून विचार. डिपॉझिट, सामान हलवणं आणि पहिला पगार येईपर्यंतचा खर्च, हे सगळं एकदमच अंगावर येतं, तेव्हा शिफ्टिंगचे पैसे मिळतील का हे एचआरला आत्ताच विचारून घे, सही झाल्यावर नको. आणि भाडं 47 च्या वर जात असेल तर तोच हिशोब समोर ठेवून पगार वाढवून माग.