वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जातील शिफारसपत्रे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असून येत्या उन्हाळ्यात मेडिकल स्कूलसाठी अर्ज करणार आहे. मला स्वतःला पुण्यात बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळाला होता, त्यामुळे शिफारसपत्रांचा हा प्रकार मला अपरिचित आहे. मुंबईतील एक नामवंत हृदयशल्यविशारद आमच्या घरोब्याचे आहेत आणि ते आनंदाने पत्र देतील. मुलगी मात्र रसायनशास्त्राच्या एका तरुण प्राध्यापिकेकडे पत्र मागायचे म्हणते. कोणाचे ऐकावे? शिवाय पत्र पाठवण्याआधी आपल्याला वाचायला मिळते का?
— एक पालक, न्यू जर्सी

उत्तर : मुलीचे ऐकावे. आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण भारतात एमबीबीएसचा प्रवेश आज नीटच्या गुणांवर ठरतो आणि तिथे कोणाच्या पत्राला जागाच नसते. आपल्याला परिचित असलेले पत्र म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे ‘वर्तणूक : चांगली’ हे दोन शब्द, किंवा एखाद्या मोठ्या माणसाने कोणाच्या तरी मुलासाठी टाकलेला शब्द. अमेरिकेतील प्रवेश समितीला यांपैकी काहीच नको असते. या मुलीला अवघड विषय शिकताना, चुकताना आणि चूक दुरुस्त करताना ज्याने प्रत्यक्ष पाहिले, त्याची साक्ष समितीला हवी असते. शल्यविशारदांनी तिला लहानपणापासून पाहिले असेल, पण ते दिवाणखान्यात. कुटुंबीयांची आणि स्नेह्यांची पत्रे नकोत, असे अनेक शाळा (म्हणजे मेडिकल स्कूल) स्पष्टच सांगतात. तिने सुट्टीत त्यांच्यासोबत रुग्णालयात दोन आठवडे काढले असतील, तर तो अनुभव अर्जातील उपक्रमांच्या यादीत नोंदवावा, त्याची योग्य जागा तीच आहे.

प्रत्येक शाळेची अट वेगळी असते, तरी विज्ञान शिकवणारे दोन प्राध्यापक आणि विज्ञानेतर विषयाचे एक, अशी मागणी पुष्कळ ठिकाणी आढळते. म्हणून आधी शाळांची यादी करून प्रत्येकीची अट तिच्या संकेतस्थळावर वाचावी. बहुतेक एमडी (तिकडची डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या शाळांचे अर्ज ज्या ॲमकास या सामायिक सेवेमार्फत जातात, तिथे दहापर्यंत पत्रांच्या नोंदी करता येतात आणि कोणते पत्र कोणत्या शाळेला जावे हे उमेदवार ठरवतो. दहा जागा आहेत म्हणून दहा पत्रे भरण्याचा मोह मात्र टाळावा. पाच-सहा सामान्य पत्रांच्या गर्दीत दोन उत्तम पत्रे हरवून जातात.

तिच्या कॉलेजमध्ये वैद्यकीय क्षेत्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी समिती आहे का, याची चौकशी आजच करावी. अशी समिती सगळ्या प्राध्यापकांची मते एकत्र करून संस्थेच्या वतीने एकच पत्र देते. समिती असूनही तिचे पत्र घेतले नाही, तर काही शाळा त्याचे कारण विचारतात. या समित्यांच्या मुदती अर्जाच्या कितीतरी आधी, अनेकदा हिवाळ्यातच, संपतात आणि हुशार मुलेसुद्धा नेमकी तिथेच चुकतात.

प्राध्यापिकेकडे पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये, शक्य तर समक्ष भेटून मागावे. सत्र संपल्यावर उन्हाळ्यात प्राध्यापक सापडत नाहीत. प्रश्न असा विचारावा, की त्यांना नाही म्हणण्याची वाट मोकळी राहील : “माझ्याविषयी ठामपणे चांगले लिहिता येईल इतके माझे काम आपण पाहिले आहे, असे आपल्याला वाटते का?” उत्तर देताना त्या घुटमळल्या, तर आभार मानून दुसरीकडे जावे. भिडेखातर लिहिलेले कोमट पत्र प्रवेश समितीतील अनुभवी वाचक पहिल्या परिच्छेदातच ओळखतो. होकार मिळाला की एकच व्यवस्थित फाइल द्यावी. तिच्यात आपला संक्षिप्त परिचय, वैद्यकीय क्षेत्र का निवडले याचे निवेदन कच्चे असले तरी, त्यांच्या वर्गातील एखादा तपासलेला पेपर किंवा प्रयोगवही, पत्र हवे असल्याची तारीख आणि ॲमकासचा पत्रविनंतीचा फॉर्म असावा. त्या फॉर्मवरील ओळखक्रमांकांमुळेच पत्र योग्य अर्जाला जोडले जाते. तारीख सांगताना खऱ्या गरजेच्या तीन आठवडे आधीची सांगावी. त्या तारखेच्या पंधरवडाभर आधी एक सौजन्यपूर्ण आठवण पुरेशी असते, दर सोमवारी ई-मेल पाठवू नये. पालकांनी तर या पत्रव्यवहारात मुळीच पडू नये, हे जरा कटू वाटले तरी सांगितलेच पाहिजे.

आता पत्र वाचण्याविषयी. 1974च्या फर्पा या कायद्याने अमेरिकेतील विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिलेला आहे आणि शिफारसपत्रापुरता तो हक्क विद्यार्थ्याला सोडता येतो. तो सोडावा. पत्र उमेदवाराने वाचलेले असण्याची शक्यता दिसली, की प्रवेश समितीचा त्यावरचा विश्वास कमी होतो. ॲमकास स्वतःही पत्र उमेदवाराला दाखवत नाही. लेखक नीट निवडणे एवढेच आपल्या हाती असते.

प्रश्न : मी महाराष्ट्रातील एका मेडिकल कॉलेजात इंटर्नशिप करीत असून अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी) अर्ज करणार आहे. विभागप्रमुख सरांकडे पत्र मागितले, तेव्हा ते म्हणाले, “टाइप करून आण, सही करतो.” आमच्याकडे सगळे असेच करतात. यात काही चूक आहे का?
— एक इंटर्न डॉक्टर

उत्तर : सरांच्या मनात काही वावगे नसते. सकाळचा राउंड, ओपीडी, विद्यापीठाच्या परीक्षा आणि प्रशासन यांत त्यांचा दिवस संपतो, आणि दाखला म्हणजे क्लार्कने टाइप करायचा व साहेबांनी सही करायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तरीही पत्र आपण लिहू नये. दुसऱ्याच्या नावाने स्वतःची साक्ष देणे प्रामाणिकपणाचे नाही, हे पहिले कारण. दुसरे कारण व्यावहारिक आहे. एकाच उमेदवाराने लिहिलेल्या तीन पत्रांत तेच शब्द, तीच वाक्यरचना आणि तीच मोघम विशेषणे येतात, आणि शेकडो अर्ज वाचणाऱ्या प्रोग्राम डायरेक्टरला, म्हणजे रेसिडेन्सीच्या प्रमुखाला, ते कळल्यावाचून राहत नाही. असा अर्ज बाजूला पडतो, आणि का पडला हे उमेदवाराला कोणी सांगत नाही.

सरांना नाही म्हणणे अवघड असते, म्हणून मधला मार्ग सुचवतो. पत्राऐवजी एक पान तपशील टाइप करून न्यावा : कोणत्या महिन्यांत त्यांच्या युनिटमध्ये होतात, साधारण किती रुग्ण सांभाळलेत, कोणत्या केसवर सरांशी चर्चा झाली, कोणत्या रात्री काय घडले. रुग्णाचे नाव त्यात अर्थातच नसावे. मग नम्रपणे म्हणावे, “सर, आपण पंधरा मिनिटे सांगाल, ते मी आपल्या पीजी विद्यार्थ्यांकडून टाइप करून घेतो.” डेंग्यूच्या साथीत वॉर्ड भरलेला असताना तुम्ही पहाटे तीन वाजता प्लेटलेट्सचा रिपोर्ट घेऊन कसे उभे होतात, हे सरांना आठवले, तर ते एक वाक्य ‘मेहनती व आज्ञाधारक’ या शब्दांहून अधिक मोलाचे ठरते. ‘आज्ञाधारक’ हा शब्द तर नकोच. आपल्याकडे तो गुण मानला जातो, पण तिकडे रेसिडेंटने सिनिअरला शंका विचारावी अशी अपेक्षा असते.

इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीचे अर्ज इरास या ऑनलाइन प्रणालीतून जातात आणि एका प्रोग्रामला जास्तीत जास्त चार पत्रे जोडता येतात. पत्र लेखकाने स्वतः पोर्टलवर अपलोड करायचे असते. सरांचा पासवर्ड घेऊन ते काम आपण उरकण्याचा प्रकार सर्रास चालतो, तो कटाक्षाने टाळावा. हवे तर विभागातील संगणकावर सरांच्या शेजारी बसून त्यांना पायऱ्या दाखवाव्यात. चारांपैकी दोन-तीन पत्रे अमेरिकेतील रुग्णालयात तुमचे काम पाहिलेल्या डॉक्टरांची असतील, तर अर्जाला बळ येते. नुसत्या निरीक्षणापेक्षा, प्रत्यक्ष काम करू देणाऱ्या इलेक्टिव्हमधून (विद्यार्थ्याने निवडलेल्या रुग्णालयीन प्रशिक्षणातून) मिळालेले पत्र अधिक वजनदार असते.

प्रश्न : ॲमकासचा माझा अर्ज तयार आहे, पण तीनपैकी एका प्राध्यापकांचे पत्र अजून आलेले नाही. ते येईपर्यंत थांबू का?
— एक विद्यार्थिनी, शिकागो

उत्तर : थांबू नये. पत्रे आली नसली, तरी अर्ज पाठवता येतो आणि त्याची पडताळणीही सुरू होते. गर्दीच्या काळात त्या पडताळणीलाच कित्येक आठवडे लागतात. शाळा मात्र बहुधा पत्रे पोहोचल्याशिवाय अर्ज पूर्ण धरत नाहीत, म्हणून ऑगस्टपर्यंत ते पत्र पोहोचायला हवे. दोन आठवणी देऊनही उत्तर आले नाही, तर विभागाच्या कार्यालयात फोन करून प्राध्यापक गावात आहेत का एवढेच विचारावे, आणि त्याच दिवशी चौथ्या प्राध्यापकांची भेट ठरवावी.