नेपिअरचा गॅस खरंच ग्रीन आहे का? वाचकांचे प्रश्न

परत तेच मेसेज. नेपिअर म्हणजे हत्तीगवत. ते कुजवून गॅस काढला की पर्यावरणाचा हिशोब आपोआप जमला, असं धरूनच सगळे विचारतात. म्हणून एकदाच लिहितो.

प्रश्न : पीक हवेतलाच कार्बन घेतं, मग गॅस जाळला तरी हिशोब शून्यच ना? (घोडबंदर रोड)

नाही. जाळतानाचा कार्बन शून्य धरतात हे खरं, पण ट्रॅक्टरचं डिझेल, पंपाची वीज, गॅस शुद्ध करून दाबायची वीज कोण मोजणार? आणि युरियातला थोडा नायट्रोजन नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो, तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो.

प्रश्न : जर्मनीत मका कुजवून गॅस काढतात, ते आकडे इथे वापरले तर? (वाशी)

नका वापरू. माती, खत, वीज सगळंच वेगळं. आणि तिथेही मका इतका वाढला की २०१२च्या कायद्यात प्लांटमध्ये जाणाऱ्या मका-धान्यावर ६० टक्क्यांची मर्यादा आली.

प्रश्न : सर, शहापूरला आमची वरकस जमीन आहे. एजंट म्हणतो नेपिअर लावा, बायबॅक (गवत आम्हीच विकत घेऊ) नक्की, वर कार्बन क्रेडिट (वाचवलेल्या कार्बनचे पैसे). मेंबरशिप भरू? (खारघर)

आधी प्लांट उभा आहे का ते जाऊन बघा, कागदावरचा नको. झाडं तोडून नेपिअर लावणार असाल तर तोडलेल्या झाडांचा कार्बन तुमच्याच खात्यात पडतो, हे एजंट सांगत नाही. उन्हाळ्यात पाणी कुठून आणणार तेही विचारा. माती तपासा, कृषी सहाय्यकांशी बोला, अॅग्रीमेंट वकिलाला दाखवा. तोवर एक रुपया देऊ नका.

प्रश्न : प्लांटवाले म्हणतात लीकेज नगण्य. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये शून्य धरू? (ऐरोली, इंजिनिअरिंग)

अजिबात नाही! सगळा खेळ इथेच आहे आणि नेमका हाच कॉलम लोक रिकामा सोडतात. या गॅसमधला मुख्य भाग मिथेन, आणि तो निसटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. एक किलो मिथेन जाळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे खनिज गॅसऐवजी वापरलात तर तेवढाच वाचला. आता १०० किलोतला ९ किलो निसटला तर ९ गुणिले २८ म्हणजे २५२, आणि उरलेल्या ९१ किलोने वाचवले २५०. सगळी कमाई गेली, शेतीचा खर्च अजून धरलेलाच नाही. वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन ८० पटीच्या आसपास जातो, मग तीन-साडेतीन टक्के लीक पुरतं. निसटतो कुठून? टाकीचं झाकण, सेफ्टी व्हॉल्व्ह, शुद्धीकरणानंतर सोडलेला वायू आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं तो स्लरीचा (गॅस काढून उरलेल्या पातळ राड्याचा) उघडा खड्डा, कारण बाहेर आलेली स्लरी गॅस सोडत राहतेच. "वास येत नाही म्हणजे लीक नाही" हे तर कृपा करून लिहू नका, मिथेनला वासच नसतो, वास हायड्रोजन सल्फाइडचा आणि तो शुद्धीकरणात काढलेला असतो. खड्डा झाकलाय का आणि मीटरने मोजलंय कधी, हे लेखी मागा. नसेल तर गाइडशी बोलून दोन-तीन वेगवेगळ्या टक्क्यांवर हिशोब करून दाखवा.

प्रश्न : सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या गॅसलाही हेच लागू? (कळवा)

शेतीचा भाग वगळा, कचरा कोणी पेरत नाही. उलट डंपिंगवर कुजून जो मिथेन सुटला असता तो वाचला, तो धरा. लीकचं मात्र तेच, आणि टाकी पार्किंगजवळ असेल तर आधी जाणकाराकडून तपासून घ्या, हिशोब नंतर.