मूल्यं अनेक असतात हे मान्य केलं की उदारमतवाद, म्हणजे व्यक्तीच्या स्वातंत्र्याला अग्रक्रम देणारा राजकीय विचार, आपोआप सिद्ध होतो का?

आपोआप नाही. मूल्यबहुलतावाद म्हणतो: खरी मूल्यं अनेक आहेत, ती एकमेकांशी भांडतात आणि सगळ्यांना तोलणारा एकच तराजू नाही. नागपुरातला अजनी वनाचा वाद आठवा. झाडं हवीत, नवं स्थानकही हवं. एक घेतलं की दुसऱ्याचं नुकसान उरतंच. हा सापेक्षतावाद नव्हे. सापेक्षतावादी 'ज्याचं त्याचं खरं' म्हणून मोकळा होतो. बहुलतावाद्याला दोन्ही खरोखर मोलाची वाटतात, म्हणूनच निवड बोचते.

तत्त्वज्ञ आयझाया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानात इथून स्वातंत्र्याकडे वाट काढली: निवड अटळ, म्हणून निवडीचं स्वातंत्र्य मोलाचं. ही उडी कच्ची आहे. अटळ तर मरणही असतं. राजकीय तत्त्वज्ञ जॉन ग्रे यांनी पुढची अडचण दाखवली: स्वातंत्र्य हेही अनेकांतलं एकच मूल्य, मग पहिला पाट त्यालाच का?

राजकीय विचारवंत विल्यम गॅल्स्टन यांची मांडणी जास्त टिकते. मूल्यांचा एकच क्रम सगळ्यांवर लादायला राज्यसंस्थेकडे पुरेसं कारण नसतं. मात्र आपला समूह सोडण्याची वाट प्रत्येकाला खरोखर मोकळी हवी. जातपंचायतीचा बहिष्कार भीती घालून हीच वाट अडवतो, म्हणून तो इथेच नापास होतो. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा या अंगाने वाचून पाहा.