वाचकांचे प्रश्न : वॉटर पार्कला जाताना

प्रश्न : आम्ही कारंजा (घाडगे) तालुक्यात राहतो. उन्हाळा लागला की पोट्टे नागपूर रस्त्यावरच्या वॉटर पार्कचा धोशा लावतात. आम्ही नवरा-बायको, 7 आणि 11 वर्षांची लेकरं आणि 68 वर्षांच्या सासूबाई. मागच्या साली धरल्यापेक्षा बराच खर्च झाला. पैसे कुठे वाचतील?

उत्तर : निघण्याआधी पार्कला एक फोन करा आणि ‘कर धरून किती?’ हे विचारा. जाहिरातीतला दर पुष्कळदा जीएसटी सोडून असतो. 18 टक्के धरले तर 800 रुपयांचं तिकीट खिडकीवर 944 चं होतं. पाच जणांचे 720 रुपये तिथंच वाढतात.

मुलांचं तिकीट अनेक ठिकाणी वयावर नाही, उंचीवर ठरतं. 11 वर्षांचं मूल साडेचार फुटांच्या आसपास असतं, म्हणजे पूर्ण तिकिटाच्या उंबरठ्यावर. चप्पल काढून घरीच मोजा. धाकट्याची अडचण उलटी. उंच घसरगुंड्यांना किमान उंचीची अट असते, आणि तिकीट घेतल्यावर त्याला खाली उभं राहावं लागतं. सासूबाई पाण्यात उतरणार नसतील तर त्यांचा दर वेगळा आहे का, तेही याच फोनवर विचारा.

स्थानिकांची सवलत असली तरी फलकावर क्वचितच दिसते. आधारवरचा पत्ता पाहून ती देतात. लग्नानंतर पत्ता बदलला नसेल आणि माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल, तर सवलत हुकते.

दिवस मंगळवार ते गुरुवारमधला घ्या. आपल्याकडच्या शाळा जूनमध्ये उशिरा उघडतात खऱ्या, पण तेव्हा पेरणीची घाई असते. त्यापेक्षा एप्रिलअखेर बरा. तान्ह्या पोळ्याला नागपूरलाही सुट्टी, तो दिवस टाळाच.

प्रवासाला एसटी. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, 5 ते 12 वर्षांच्या मुलांनाही अर्धं. सासूबाईंना महिला म्हणून अर्धं आणि 65 च्या वर म्हणून पुन्हा अर्धं, असं होत नाही. सवलत एकच मिळते. तरी पाच जणांचा प्रवास तीन पूर्ण तिकिटांत होतो. जलद गाडी पार्कजवळ थांबते का, हे चढण्याआधी वाहकाला विचारा आणि परतीची शेवटची गाडी उतरतानाच विचारून ठेवा. ती चुकली की ऑटोवाला सांगेल तो भाव.

सुती कपड्यांना पाण्यात मनाई असते. ते भिजून जड होतात, घसरगुंडीवर अडकतात, त्यांचे धागे फिल्टरमध्ये जातात. मग दारात भाड्याने कपडे घ्यावे लागतात, वर अनामत. बाजारातून नायलॉनचे आणले तर चार उन्हाळे चालतात. अनामतीची पावती कोरड्या पिशवीत ठेवा. पावती भिजून फाटली की पैसे परत मिळवताना वाद होतो.

डबा आत नेऊ देत नाहीत, आणि हातातला पट्टा कापला की पुन्हा प्रवेश नाही. दारात शिरण्याआधी झुणका-भाकर पोटभर खाऊन घ्या. जेवणासकटचं तिकीट लहान मुलांसाठी घेऊ नका, पाण्यात खेळणारी लेकरं ताटभर जेवत नाहीत.

प्रश्न : बचत गटातल्या बाया-लेकरं मिळून 22 जण जाणार आहोत. गटाचा दर मिळेल?

उत्तर : मिळतो, पण किती जणांपासून ते प्रत्येक पार्कचं वेगळं. अट 20 ची असेल तर 22 वर विसंबू नका. ऐनवेळी तिघी गळाल्या की सगळ्यांचाच दर चढतो. पैसे आधी गोळा करा, पार्कला मात्र आगाऊ रक्कम थोडीच द्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या ‘निम्म्या दरात’ लिंकवर पैसे भरू नका. यूपीआयवर पार्कऐवजी भलत्याच माणसाचं नाव दिसलं तर तिथंच थांबा.

प्रश्न : वर्षाचा पास परवडतो का?

उत्तर : पासच्या किमतीला आडदिवसाच्या तिकिटाने भागा. उत्तर तीनच्या वर आलं तर खेड्यातून जाणाऱ्यानं नाद सोडावा, कारण दरवेळचं गाडीभाडं वेगळंच. मे महिन्यात आणि रविवारी पास चालतो का, हे आधी वाचा.